उमेदवाराची वही आणि देणगीदाराचं नाव

अमळनेर तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न असा: निवडणुकीसाठी द्यायच्या देणगीवर कायद्याने मर्यादा घातली तर भ्रष्टाचाराला खरंच आळा बसतो, की त्यातून माणसाच्या बोलण्याच्या हक्कावरच गदा येते? त्याच्या गावातले काही जण मिळून एका अपक्ष उमेदवाराला वर्गणी देणार आहेत. शिवाय कापसाच्या भावाबद्दल स्वतःच्या पैशाने पत्रकं छापून वाटायचाही त्यांचा विचार आहे. म्हणून त्याला उत्तर लवकर हवं आहे.

मी जळगावात करसल्लागार आहे. निवडणुका लागल्या की पक्षांच्या आणि अपक्षांच्याही खर्चाचे हिशेब लिहायचं काम माझ्याकडे येतं, आणि एरवी वर्षभर ठेकेदार, जिनिंगवाले, केळीचे व्यापारी यांच्या वह्या माझ्या टेबलावर असतात. या दोन्ही प्रकारच्या वह्या पाहून माझं मत पक्कं झालं आहे. मोठ्या देणगीवर मर्यादा हवी. सरकारी कामं घेणाऱ्या ठेकेदाराच्या देणगीवर तर सरळ बंदी हवी, आणि त्याने कोणाचं तोंड बंद होत नाही. पण नागरिकाने स्वतःच्या खिशातून स्वतःचं मत छापलं तर कायद्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. आपल्याकडे सध्या जवळजवळ उलटं आहे. भरमसाट देणाऱ्या व्यक्तीला मर्यादा नाही, आणि आवडत्या उमेदवारासाठी न विचारता पत्रक छापणाऱ्या मतदारावर गुन्हा आहे.

मर्यादा आहे ती उमेदवाराच्या खर्चाला. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ७७ आणि १९६१ च्या निवडणूक नियमांतला नियम ९० यांतून ती ठरते. जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रात लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख रुपये. पक्षाने किती खर्च करावा, याला मर्यादा नाही. एखाद्या व्यक्तीने पक्षाला किती द्यावं, यालाही नाही. परदेशी पैसा आणि सरकारी कंपनीचा पैसा चालत नाही, एवढंच. खासगी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा आहे. ती २०१७ मध्ये काढून टाकली होती आणि २०२४ च्या निकालाने परत आली. त्याकडे पुढे येतो.

आता ४० लाखांचा हिशेब करून पाहा. खानदेशातल्या विधानसभा मतदारसंघात साधारण तीन लाख मतदार धरले तर माणशी तेरा रुपये होतात. जळगाव लोकसभेत मतदार वीस लाखांच्या घरात, म्हणजे ९५ लाखांत माणशी पाच रुपयेही नाहीत. विधानसभेला सव्वातीनशे मतदान केंद्रं असली, प्रत्येक केंद्रावर आठ कार्यकर्ते बसवले आणि चहा, जेवण, गाडी मिळून माणशी पाचशे रुपये धरले, तर मतदानाच्या एका दिवसातच तेरा लाख जातात. अजून एकही सभा झालेली नाही, एकही भोंगा फिरलेला नाही. त्यात जळगाव शहराला आणि अक्कलकुव्याला मर्यादा एकच. शहरात उमेदवार दुचाकीवर सगळे प्रभाग फिरू शकतो. अक्कलकुवा मतदारसंघात सातपुड्यातले पाडे आहेत, नर्मदाकाठच्या काही गावांत मतदान पथकालाच बोटीने जावं लागतं. तिथल्या उमेदवाराचं निम्मं बजेट डिझेल खातं. ही मर्यादा पाळून निवडणूक लढवणारे उमेदवार मी पाहिले आहेत. बहुतेक पहिल्या तीनांत नव्हते.

हिशेब तपासणी प्रत्यक्षात कशी होते, ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ती दिसत नाही. उमेदवाराला अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. त्याला एक नोंदवही मिळते: पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोख रकमेची, पिवळी बँकेची. प्रचाराच्या काळात किमान तीन वेळा ती घेऊन निवडणूक कार्यालयात जावं लागतं. तिथे खर्च निरीक्षक असतात, बहुधा महसूल सेवेतले आणि परराज्यातले, आणि त्यांच्यासमोर आयोगाची स्वतःची वही असते. तिला छाया नोंदवही म्हणतात. आम्ही मंडपवाल्याचं बिल काढतो, सहाशे खुर्च्या. समोरचा अधिकारी सभेचं चित्रीकरण लावतो, रांगा मोजतो आणि म्हणतो, "अठराशे आहेत." दरपत्रकात खुर्चीचा, समोशाचा, गमछ्याचा, ढोलपथकाचा भाव ठरलेला असतो. बाराशे खुर्च्यांचा फरक लगेच लागतो, नोटीस निघते आणि ४८ तासांत खुलासा द्यावा लागतो. हे अधिकारी मेहनती असतात, रात्री बारापर्यंत बसलेले मी पाहिले आहेत.

पण त्या टेबलावर सगळी चौकशी खुर्च्यांची होते. खुर्च्यांचे पैसे मुळात कोणाचे, हे कोणी खोदून विचारत नाही. पैसा कुठून आला याचे तक्ते हिशेबात आहेत: स्वतःचा निधी, पक्षाने दिलेला, इतरांनी दिलेला. बहुतेक हिशेबांत पहिला आणि दुसरा तक्ता भरलेला असतो. तिसऱ्यात चार नातेवाईक आणि एखादा मित्र. मोजदाद फक्त अर्ज भरल्यापासून निकाल लागेपर्यंतची. २०२४ च्या विधानसभेला अर्ज २२ ऑक्टोबरपासून सुरू झाले आणि निकाल २३ नोव्हेंबरला लागला. त्याआधी श्रावणात कानबाईच्या सणाला वाटलेल्या साड्या, दहीहंडीची बक्षिसं, गणपती मंडळांच्या कमानी, नवरात्रातल्या देवदर्शनाच्या बसगाड्या, क्रिकेटचे चषक, यातलं काहीच या वहीत येत नाही.

कायद्यात ही वाट कशी मोकळी राहिली, तो इतिहास महत्त्वाचा आहे. १९७१ च्या लोकसभेतल्या दिल्ली सदर मतदारसंघाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला. ऑक्टोबर १९७४ मध्ये न्या. भगवतींनी निकाल दिला की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराला माहीत असेल आणि त्याने तो नाकारला नसेल, तर तो त्याच्याच खर्चात धरायचा. निकाल चोख होता. काही आठवड्यांतच सरकारने अध्यादेश काढून कलम ७७ ला स्पष्टीकरण जोडलं आणि पक्षाचा व मित्रांचा खर्च बाहेर काढला. २००३ मध्ये ते स्पष्टीकरण आवळलं. मित्रांच्या नावाने पळवाट काढता येईना. तरी पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आणि मोठ्या नेत्यांचा प्रवास आजही बाहेरच आहे. मान्यताप्राप्त पक्षाला असे चाळीस नेते जाहीर करता येतात. हेलिकॉप्टर पारोळ्यात उतरलं तर त्याचा खर्च पक्षाचा. अपक्षाची भाड्याची जीप मात्र किलोमीटरसकट त्याच्या वहीत चढते.

हिशेब न दिल्याबद्दल लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०अ खाली तीन वर्षांची अपात्रता आहे. आयोगाच्या अपात्र यादीत बहुतेक नावं अपक्षांची आणि लहान पक्षांच्या उमेदवारांची दिसतात. ज्यांना वही लिहिता आली नाही, ज्यांनी निकालानंतर तीस दिवसांची मुदत चुकवली, ते अडकतात. खोटा हिशेब देणारा सहसा अडकत नाही, कारण त्याच्याकडे माझ्यासारखा माणूस असतो. २०११ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्यांचा खर्च लपवल्याबद्दल आयोगाने अपात्र ठरवलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशोक चव्हाण यांच्या प्रकरणात सांगितलं की हिशेब नुसता दाखल झाला की नाही एवढंच नव्हे, तो खरा आहे का हेही आयोग तपासू शकतो. अधिकार आहे. वापर क्वचित होतो.

आता दुसरी वही. एक ठेकेदार, रस्त्यांची आणि पाझर तलावांची कामं करणारा. वर्षअखेरीला त्याचे हिशेब बंद करायला घेतले की ऑक्टोबर-नोव्हेंबरमधलं साइटचं डिझेल एकदम फुगलेलं दिसतं. डंपर तेवढेच, जेसीबी तेवढेच, पावसामुळे कामं उशिरा सुरू झालेली. लॉगबुक मागितलं की ते जुळत नाही. पंपावरच्या चिठ्ठ्या कोणी फाडल्या, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक असतं. तो म्हणतो, "भाऊ, मन्हं नाव लिखू नका." ती रक्कम धंद्याचा खर्च म्हणून मान्य करायला मी नकार देतो, त्यावर कर भरायला लावतो. माझ्या हातात तेवढंच आहे. उमेदवाराच्या वहीत हे डिझेल कुठेही नसतं. आणि हा ठेकेदार काही त्या उमेदवाराच्या विचारांवर भाळलेला नाही. समोरच्या उमेदवाराच्याही गाड्यांत त्याचं डिझेल गेलेलं असतं. पुढच्या पाच वर्षांत निविदा निघतील, बिलं अडकतील, तेव्हा दोघांपैकी जो असेल त्याच्या दारात त्याला उभं राहायचं आहे.

हे फक्त आमच्याकडे चालतं असं नाही. देवेश कपूर आणि मिलन वैष्णव या दोन अभ्यासकांनी सिमेंटच्या खपाचे आकडे निवडणुकांच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिले. निवडणुकीच्या महिन्यात सिमेंटचा खप घसरतो, असं त्यांना आढळलं. त्यांनी लावलेला अर्थ असा की बांधकाम व्यावसायिकांचा पैसा त्या काळात प्रचाराकडे वळतो आणि कामं थांबतात. मला तो अर्थ पटतो, कारण त्या महिन्यांत माझ्या अशिलांच्या वसुल्याही थांबलेल्या असतात.

ज्याचं काम ज्याच्या सहीवर अडकलं आहे त्यानेच त्याला पैसे देणं, भ्रष्टाचार इथे शिरतो. रक्कम मोठी असली म्हणून देणगी आपोआप वाईट होत नाही. एखादी निवृत्त शिक्षिका आपल्या विचारांच्या पक्षाला पाच लाख देते, तिला बदल्यात काही नको असतं. ठेकेदाराचे पन्नास हजारही महाग पडतात. अमेरिकेत केंद्र सरकारशी करार असलेल्या ठेकेदाराला केंद्रीय निवडणुकीत देणगी देता येत नाही. हा कायदा १९४० पासूनचा आहे आणि २०१५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने एकमताने तो कायम ठेवला. भाषणस्वातंत्र्याच्या बाबतीत एवढ्या हट्टी असलेल्या देशात ही बंदी टिकते. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ९अ आहे, पण ते उमेदवाराने स्वतः सरकारी ठेका घेतला असेल तर त्याला अपात्र ठरवतं. ठेकेदाराने त्याला पैसे द्यावेत की नाही, याबद्दल ते काही बोलत नाही.

अमेरिकेचं उदाहरण आलंच आहे, तर तिथला मूळ वाद पाहू. १९७६ च्या बकली विरुद्ध व्हालेओ निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने देणं आणि खर्च करणं वेगळं केलं. उमेदवाराला देणगी देणं म्हणजे पाठिंबा व्यक्त करणं. रक्कम वाढवल्याने त्या पाठिंब्यात नवीन मुद्दा भरत नाही, म्हणून देणगीला मर्यादा चालेल. पण माणसाने किंवा उमेदवाराने आपलं म्हणणं लोकांपर्यंत नेण्यासाठी केलेल्या खर्चाला मर्यादा घातली तर बोलण्यालाच मर्यादा पडते, ती चालणार नाही. पहिला भाग मला शंभर टक्के पटतो. दुसऱ्या भागातून पुढे २०१० मध्ये सिटिझन्स युनायटेडचा निकाल आला, पाच विरुद्ध चार मतांनी: कंपन्या आणि कामगार संघटना उमेदवाराशी संगनमत न करता हवा तेवढा खर्च करू शकतात. त्याचा परिणाम म्हणून तिथे मोजके अब्जाधीश निवडणुकीच्या जाहिराती उचलून धरतात. कंपनीला मत नाही, मतपत्रिकेवर नाव नाही; तिच्या खर्चाला नागरिकाच्या बोलण्याचा दर्जा देणं मला मान्य नाही.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. ब्रिटनमध्ये फिलिस बोमन नावाच्या बाईंनी १९९२ च्या निवडणुकीत हॅलिफॅक्समध्ये गर्भपाताबद्दल उमेदवारांची मतं सांगणारी पत्रकं वाटली. तिथल्या कायद्याने त्रयस्थ माणसाला एका मतदारसंघात पाच पौंडांपर्यंतच खर्च करता येत होता, म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९९८ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने सांगितलं की एवढी तुटपुंजी मर्यादा म्हणजे बोलायला जवळजवळ मनाईच आहे. नंतर ब्रिटनने ती पाचशे पौंड केली.

आपली मर्यादा किती, माहीत आहे? दहा रुपये. भारतीय दंड संहितेचं कलम १७१-एच सांगायचं की उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारासाठी सभा, जाहिरात, पत्रक अशा कशावरही खर्च केला तर गुन्हा, दंड पाचशे रुपयांपर्यंत. खर्च दहा रुपयांच्या आत असेल तर दहा दिवसांत मागाहून संमती घेता येते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. कलम १७६ मध्ये दंड दहा हजारांपर्यंत वाढवला आणि दहा रुपये तसेच ठेवले. दहा रुपयांत आज पत्रकाचा कागदही येत नाही. एखाद्या गावातल्या पोरांनी मनापासून एखाद्या उमेदवारासाठी दोन हजार रुपयांची पत्रकं काढली तर ते गुन्हेगार. कोणी पक्षाच्या खात्यात दोन कोटी भरले तर तो देणगीदार. तुमच्या प्रश्नातली बोलण्याच्या हक्काची काळजी मला इथे खरी वाटते. हे कलम बदलून त्रयस्थ नागरिकाला निदान पन्नास हजारांपर्यंत स्वतःच्या नावाने, छापखान्याचं नाव टाकून मोकळेपणाने खर्च करू द्यावा, असं माझं मत आहे.

घटनेच्या बाजूने पाहिलं तरी हेच निघतं. कलम १९(१)(अ) मधल्या बोलण्याच्या स्वातंत्र्यावर बंधन घालायचं तर ते १९(२) मधल्या कारणांसाठीच घालता येतं: देशाचं सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान वगैरे. त्या यादीत भ्रष्टाचार नाही, काळा पैसाही नाही. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा चालते, कारण निवडणूक लढवणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि कायदा त्याला अटी घालू शकतो. मतदाराच्या स्वतःच्या बोलण्याला तसली अट लावणं अवघड आहे.

निवडणूक रोख्यांचा निकाल याच जागेवर उभा आहे. २ जानेवारी २०१८ ला योजना आली. स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा, मतदाराला नाव कळणार नाही. सरकारचं म्हणणं, याने काळा पैसा थांबेल. सहा वर्षांत सुमारे साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले, त्यातली बहुतांश रक्कम एक कोटीच्या रोख्यांची. १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने योजना रद्द केली. पक्षाला पैसा कोण देतो हे कळणं मतदाराच्या १९(१)(अ) मधल्या हक्कात येतं आणि काळा पैसा रोखणं हे त्या हक्कावर बंधन घालायचं कारण १९(२) मध्ये नाही, असं न्यायालयाने म्हटलं. कंपन्यांची साडेसात टक्क्यांची मर्यादा काढणं आणि तोट्यातल्या कंपनीलाही देणगी देऊ देणं समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवलं. कंपनीची देणगी हा निव्वळ व्यवहार असतो, बदल्यात काही मिळवण्यासाठीचा, हेही स्पष्ट लिहिलं. पुढच्या महिन्यात याद्या आल्या तेव्हा सर्वांत मोठ्या दोन खरेदीदारांत एक लॉटरीवाली कंपनी होती आणि दुसरी पायाभूत कामांची ठेकेदार. आमच्या तालुक्यातल्या डिझेलच्या चिठ्ठ्यांचंच ते मोठं रूप.

नाव उघडं करण्याविरुद्ध एक मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो मुंबईपेक्षा यावल-रावेरात जास्त खरा आहे. तालुक्याच्या गावात आडतीचं दुकान चालवणाऱ्याने विरोधातल्या उमेदवाराला दहा हजार दिले आणि ते बाहेर पडलं, तर बाजार समितीचा परवाना, सोसायटीचं कर्ज, नगरपालिकेची परवानगी, सगळीकडे त्याचा कागद खाली जातो. लहान माणसाला त्याच्या मताबद्दल गप्प राहायचा हक्क असला पाहिजे. न्यायालयानेही मनापासून दिलेल्या पाठिंब्याचं खासगीपण मानलं. कायद्यातली वीस हजारांची रेघ त्यासाठीच आहे: एका वर्षात एका माणसाकडून त्यापेक्षा जास्त आले तर पक्षाने नाव आयोगाला कळवायचं. रेघ योग्य आहे. अडचण अशी की पॅन नसलेल्या लहान पावत्यांची वर्षाची बेरीज कोणी करत नाही, आणि मोठी रक्कम लहान पावत्यांत फोडली की ती दिसेनाशी होते.

नुसती मर्यादा घालून काय होतं, याचा धडाही आपल्याकडे आहे. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी घातली आणि १९८५ पर्यंत ती होती. त्या काळात कंपन्यांचा पैसा थांबला नाही, चेकऐवजी रोखीत आला. म्हणून जे लोक म्हणतात की मर्यादेने भ्रष्टाचार आपोआप कमी होतो, त्यांच्याशी मी सहमत नाही. पाळता येणार नाही अशी मर्यादा घातली की सगळेच खोटं लिहितात, आणि सगळेच लिहितात म्हणून कोणाला पकडणं शक्य होत नाही. निवडून आलेल्या माणसाची पहिली सही त्या खोट्या हिशेबावर असते. याचं मला दर वेळी वाईट वाटतं, कारण त्यातले काही जण खरोखर चांगलं काम करायला आलेले असतात.

त्रास मात्र भलत्यालाच होतो. आचारसंहिता लागली की चोरवडला, पळासनेरला नाके लागतात. पन्नास हजारांवर रोख असेल तर कागद दाखवा. नेमका कापूस वेचणीचा हंगाम. मजुरांची मजुरी घेऊन निघालेला शेतकरी, केळीचे पैसे घेऊन बऱ्हाणपूरहून परतणारा व्यापारी, यांचे पैसे जप्त होतात आणि सोडवायला जिल्हा समितीकडे खेटे घालावे लागतात. ठेकेदाराचं डिझेल नाक्यावरून जातच नाही.

माझ्या मते करायचं ते असं. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा वाढवावी, मतदारसंघाचं क्षेत्रफळ बघून ठरवावी आणि मोजणी अर्जाच्या दिवसाऐवजी सहा महिने आधीपासून सुरू करावी. पक्षाच्या खर्चालाही मर्यादा हवी. एका माणसाने एका विधानसभा उमेदवाराला लाखापेक्षा जास्त देऊ नये. मग ज्याला एक कोट लागणार त्याला निदान शंभर माणसांकडे जावं लागेल, आणि शंभर देणगीदारांपैकी एकाला त्याला वेठीला धरता येणार नाही. राज्य सरकार, जिल्हा परिषद, नगरपालिका यांच्या कामांचे ठेकेदार आणि त्यांचे भागीदार यांची देणगी बंद, वस्तूच्या रूपातलीही. मतदारसंघातल्या ठेकेदारांची यादी आणि देणगीदारांची यादी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर शेजारी शेजारी ठेवावी. बाकीचं काम लोक आणि पत्रकार करतील. स्वतःचा गडगंज पैसा ओतणाऱ्या उमेदवाराला देणगीची मर्यादा लागत नाही, उलट फायदाच होतो. साखर कारखाना किंवा शिक्षणसंस्था हाताशी असलेले उमेदवार आपल्याकडे कमी नाहीत. म्हणून खर्चाची मर्यादा अमेरिकेसारखी काढून टाकू नये.

आता तुमच्या वर्गणीबद्दल. उमेदवाराच्या निवडणुकीसाठी उघडलेल्या खात्यात धनादेशाने किंवा ऑनलाइन पैसे भरा, प्रत्येकाने आपापल्या नावाने. एका माणसाकडून उमेदवाराला दहा हजारांपेक्षा जास्त रोख घेता येत नाही. गावाची एकत्र थैली करून एकाच्या नावावर देऊ नका. करसवलतीची अपेक्षा ठेवू नका. ती नोंदणीकृत पक्षाला रोखीशिवाय दिलेल्या देणगीवर आणि जुन्या करप्रणालीतच मिळते, अपक्षाला दिलेल्यावर नाही. कोणी "आमच्या पक्षाची पावती घ्या, कमिशन कापून रोख परत देतो" म्हणत आलं तर त्याला दारातूनच घालवा. नावापुरत्या पक्षांचा हा धंदा प्राप्तिकर विभागाच्या नजरेत आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने ३३४ पक्ष यादीतून काढले, कारण त्यांनी सहा वर्षांत एकही निवडणूक लढवली नव्हती. अशा पावत्यांवर नोटिसा आलेले नोकरदार माझ्याकडे येतात, कर, व्याज आणि दंड भरून जातात.

पत्रकांचं असं करा. त्यात उमेदवाराला मत द्या म्हणायचं असेल तर छापण्याआधी त्याची लेखी संमती घ्या आणि बिलाची प्रत त्याला द्या, कारण तो खर्च त्याच्या वहीत चढेल. नुसतं कापसाच्या भावाबद्दल, खरेदी केंद्रांबद्दल लिहायचं असेल, कोणाला निवडून द्या असं म्हणायचं नसेल, तर कलम १७६ चा प्रश्न येत नाही. मसुदा मला दाखवलात तरी चालेल. दोन्ही पत्रकांवर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापा, निवडणूक प्रचाराच्या पत्रकावर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ खाली ते सक्तीचं आहे आणि चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

निकालानंतर तीस दिवसांत उमेदवार आपला हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे देतो. नियम ८८ प्रमाणे एक रुपया भरून तो कोणालाही पाहता येतो. जाऊन पाहा. इतरांकडून मिळालेल्या रकमांच्या तक्त्यात तुमच्या गावातल्या प्रत्येकाचं नाव आणि रक्कम आली आहे का ते तपासा, आणि नसेल तर उमेदवाराला व जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याला, दोघांनाही लेखी कळवून पोच घ्या.